तीनदा विचारायचं

सोमवार, ३

आज नोकरीचा पहिला दिवस. वही लेकीनं दिली. म्हणाली, आई, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलंय, रोज चार ओळी लिहीत जा, हात वळेल. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पण पोटुशी बाईचा शब्द मोडू नये. तिला आठवा सरत आलाय. जावई जहाजावर, घरात आम्ही दोघीच, आणि तिसरं लाथा मारतंय.

काम सरकारी दप्तरखान्यात. तळमजल्यावर लांबच लांब खोली, छतापर्यंत लोखंडी फळ्या, फळ्यांवर जुने कागद. जागा पुरत नाही, म्हणून काय ठेवायचं नि काय फाडायचं ते ठरवणं चाललंय. ठरवतात बाईसाहेब. चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर. मी फक्त बांधायचं. कायमचं ठेवायचं ते लाल रुमालात, दहा वर्षांचं पिवळ्यात, फाडायचं ते पांढऱ्यात. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, चांगलं दीड हाताचं फडकं.

शिकवायला दप्तरी काका आहेत. दोन महिन्यांनी निवृत्त होणार. गाठ अशी मारतात की दातांनीही सुटू नये. मला म्हणाले, लाल रुमालात गेलं ते यमालाही सही केल्याशिवाय मिळत नाही. मी हसले. कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

शुक्रवार, ७

फाडायच्या दिवशी काका एक गंमत करतात. पांढरा गठ्ठा कागद कातरायच्या यंत्रापुढं ठेवतात, रिकाम्या खोलीकडं तोंड करतात आणि विचारतात, कुणाचं आहे का? तीनदा. कुणी बोललं नाही की मग आत ढकलतात. मी म्हटलं, काका, उंदरांना विचारताय का? रागावले नाहीत. म्हणाले, माझ्या आधीच्या दप्तऱ्यानं मला सांगितलं, मी तुला सांगतोय. एखाद्याला बेवारस ठरवायच्या आधी विचारावं.

अशानं कामं उरकायची कधी! पण माणूस भला. डब्यातलं अर्धं मला देतो आणि वर म्हणतो, तुझी भाजी खारट असते.

बुधवार, १२

लाल रुमालाचं कापड काय सांगू. नवंकोरं, मऊ, पक्क्या रंगाचं. बाळाला दुपटं हवंच होतं. सहा रुमाल डब्याखाली घालून घरी आणले. सरकारचं म्हणजे कुणाचं? कुणाचंच नाही. लेकीला सांगितलं, बाईसाहेबांनी दिले. तिनं कापड गालाला लावून बघितलं. म्हणाली, बाईसाहेब किती मायाळू गं.

छातीत काहीतरी टोचलं. दुपटं शिवायला पदराला खोचलेली सुई असेल.

सोमवार, १७

लाल रुमाल संपले. नेमकी आजच बाईसाहेबांनी जुन्या अनाथाश्रमाची वही पुढ्यात टाकली, कायमची म्हणून. एक्केचाळीस पानं, एक्केचाळीस मुलं. कुणी सोडलं, कुणी नेलं, आणि खाली तान्ह्या पावलाचा शाईचा ठसा. माझ्या बोटाएवढा.

रुमाल मागितला असता तर आधीचे कुठं गेले ते विचारलं असतं. नाही मागितला. हाताला पांढरा लागला, त्यातच बांधलं. नवे आले की बदलीन. आकाश काही कोसळत नाही.

बुधवार, १९

लिहू की नको.

काका रजेवर, बायकोला दवाखान्यात नेलंय. पांढरे तीस गठ्ठे आणि मी एकटी. त्यात शेजारणीचा फोन, लेकीला कळा सुरू झाल्या. सपासप ढकलत सुटले. विचारणंबिचारणं काही नाही. शेवटच्या गठ्ठ्यात काळी पावलं दिसली. तोवर अर्धी वही आत गेली होती.

थांबवता आलं असतं. बटण हाताशी होतं. पण अर्धी वही हातात घेऊन बाईसाहेबांसमोर काय सांगणार होते? उरलेली अर्धीही मीच ढकलली. या हातानं. ज्या हातानं लिहितेय त्याच.

नात झाली. गुटगुटीत, डोकंभर जावळ. दुपट्यात मीच गुंडाळली. गुंडाळेपर्यंत रडत होती.

सोमवार, २४

खिडकीशी एक म्हातारी आली. आश्रमात वाढलेली. म्हणाली, आईचं नाव तेवढं बघायचंय, दुसरं काही मागणं नाही. बाईसाहेबांनी नोंद काढली. लाल, नववी फळी. जाऊन बघतात तर फळी रिकामी.

मला आणि काकांना समोर उभं केलं. विचारलं, ही वही कुणी हलवली? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. माझी जीभ टाळ्याला चिकटली, सुटेचना. मग काकाच म्हणाले, माझी नजरचूक असेल, वय झालं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

त्यांना घरी बसवलं. चौकशी होईल म्हणे. जाताना टेबलावरचा डबा राहिला, तो मी धावत जाऊन दिला. तेवढं मात्र जमलं मला.

म्हातारी जाताना माझे आभार मानून गेली. मी तिला पाणी दिलं होतं ना.

मंगळवार, २५

दप्तरखान्याच्या फरशीवर पावलं. शाईची, बोटाएवढी. नवव्या फळीपासून यंत्रापर्यंत, यंत्रापासून माझ्या खुर्चीपर्यंत. बाईसाहेब ओरडल्या, ऑफिसात पोरं कुणी आणली? मी पुसलं. डबा खाऊन येते तर पुन्हा होती.

दुपारी सुट्टी काढून घरी गेले. नातीचे तळपाय बघितले. काळे. साबण लावला, घासले. निघत नाहीत.

पोर रडली नाही. जन्माच्या दिवसापासून रडलेली नाही. लेक म्हणते, गुणाची आहे.

बुधवार, २६

दुपट्याला गाठ आहे. मी मारलेली नाही. लेकीनंही नाही. काकांची गाठ आहे ती, मी ओळखते ना. दातांनी ओढली. कातरी लावली, कातरीचं पातं वाकलं.

आत पोर डोळे उघडे ठेवून बघते. दूध पीत नाही. सुकतही नाही. एक आठवडा झाला, नखसुद्धा वाढलेलं नाही.

कायमचं ठेवायचं ते लाल रुमालात.

गुरुवार, २७

काकांच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. एवढंच विचारलं की लाल रुमाल रिकामा राहिला तर काय होतं. ते म्हणाले, रिकामा राहत नाही. जे त्यात असायचं ते नसेल तर दुसरं कुणीतरी धरून ठेवतो. आणि ज्यांना विचारल्याशिवाय फाडलं, ते मग स्वतःच विचारायला येतात. तू विचारलं होतंस ना? मी म्हटलं, हो.

त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं.

मग ते बायकोला म्हणाले, हिला चहा कर. मी प्यायले. निर्लज्जासारखी बशीतलाही प्यायले.

बाईसाहेबांच्या दारापर्यंत गेले. हात वर केला, टकटक करायला. तसाच खाली आणला.

शुक्रवार, २८

सकाळचे अकरा. घरभर ऊन. लेक न्हाऊन आली, दारात थांबली, दुपट्याकडं बघून म्हणाली, आई, हे कुणाचं गं?

थट्टा नाही. तिचे डोळे बघितले मी. तिला माहीतच—

दुपट्यातून सळसळ. कागदाची. मग आवाज. बारीक, पुष्कळ, सगळे एकदम.

कुणाचं आहे का?

तोंड उघडलं. जीभ टाळ्याला— तशीच. त्या दिवसासारखी. लेकीचा दंड धरला, हलवला, ती म्हणतेय, अशी काय करतेस, कुणाचं नसेल तर देऊन टाक ना.

दुसऱ्यांदा.

यंत्राची घरघर ऐकू येतेय. इथं. घरात.

बोलता येत नाही, लिहिते. लिहिलेलं चालतं ना— सरकारात लिहिलेलंच चालतं. माझं आहे. रुमाल मी नेले. वही मी ढकलली, काकांनी नाही, काकांना सोडा. विचारलं नाही मी. लाज वाटली म्हणून— नुसती लाज वाटली म्हणून— एक्केचाळीस. माझी नात आहे ती. माझी आहे. ही सही करते, खाली नाव घालते, थांबा, तिसऱ्यांदा विचारायला श्वास घेऊ नका, थांबा, माझं नाव