जिन्याची पाटी

प्रिय गेरोल्डदादा,

तुझ्या दारासमोरच्या पायरीवर बसून लिहितेय. श्टुटगार्ट पहिल्यांदाच पाहिलं. स्टेशनाबाहेर सगळं खणून ठेवलंय. रस्त्यावर एक गाडी नव्हती, तरी माणसं लाल दिव्यापाशी मुकाट उभी. आपल्या बेटावरच्या मेंढ्यासुद्धा एवढं ऐकत नाहीत.

तुझ्या दाराला जिना झाडायच्या आठवड्याच्या पाळीची पाटी लटकतेय. तुझी बेल वाजवली, तर समोरच्या हेबर्लेबाई बाहेर आल्या.

"बहीण का? बरं झालं आलात! ईस्टरपासून पाटी ह्यांच्याच दारावर. झाडल्याशिवाय ती पुढच्या दारावर जात नाही, एवढंही कळू नये? चिठ्ठ्या डकवून दमले मी."

"बेल नाही वाजवलीत?"

"छे! कुणाच्या घरात कशाला नाक खुपसा?"

दादा, ईस्टरला दोन महिने होऊन गेले, बाहेर चेरी पिकल्यात.

कुलूपवाल्याला फोन केलाय. तो येईपर्यंत हात स्वस्थ बसेनात, म्हणून बाईंची बादली मागून जिना धुतला. साबण मुद्दाम जास्त घातला, दुसरा वास येऊ नये म्हणून. पाटी बाईंच्या दारावर टांगली. त्यांनी कठड्यावरून बोट फिरवून पाहिलं, म्हणाल्या, "आता कसं!"

मघाशी हाच कागद तुझ्या दाराखालून सरकवत होते. अर्ध्यावर अडला. दाराला आतून काहीतरी टेकलंय.

जिना स्वच्छ आहे, दादा. तुझा आठवडा संपला. आता कुणी रागावणार नाही. दार उघड.

तुझीच,
मेख्टिल्ड