आधी गोळी, मग चहा

प्रिय वन्सं,

दर रविवारी अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये तुम्ही चहाआधी माझं बीपी तपासायचात. "आधी गोळी, मग चहा!" मी कुरकुरायचे, "नर्सबाई, घरी तरी सुटी घ्या."

तुमच्या माघारीही मी गोळी चुकवली नाही. तरी मार्चमध्ये मला स्ट्रोक आला, उजवा हात लुळा पडला. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं बीपी ताब्यात ठेवल्यानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या चांगल्या राहिल्यात, म्हणून हात लवकर सुधारतोय." ती सगळी तुमची मेहनत, वन्सं.

कॉन्व्हेंटमध्ये घोटलेलं अक्षर आता वाकडं येतं, पण हात तोच आहे.

माझ्यामागे कुणाला काय द्यायचं, ती कपाटातली वाटणीची चिठ्ठी आज बदलली. पैठणी माझ्या मीनलला, मोत्यांच्या कुड्या सूनबाईला. शिलाई मशीन कुणालाच नाही. ते मला लागणार आहे.

तुमची,
कुंदावहिनी