खारूने उडी मारली नव्हती

३ ऑगस्ट, रविवार

लिहून टाकतो, म्हणजे निदान एका जागी तरी खरं राहील.

खारू पडली. क्रिबमधून. दुपारी सव्वातीनला. मी बाहेरच्या खोलीत कोचावर पेंगत होतो. ही तिला झोपवून खाली दूध आणायला गेली होती. धप्प! — आणि मग ती शांतता, पोर रडण्याआधी श्वास ओढतं तेवढी. धावलो. खारू फरशीवर. क्रिबचा वर-खाली सरकणारा कठडा पूर्ण खाली.

खिटी निसटली. दुसरं काय असणार? महिन्यापूर्वीच ही म्हणाली होती, "डावीकडची खिटी सैल वाटतेय, जरा बघ ना." चार दिवसांनी तिने परत विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "केली." केली नव्हती. हात लावला नव्हता. पोरगी सव्वादोन वर्षांची, आणि मला पाच मिनिटं मिळाली नाहीत.

एका हाताने खारूला उचललं. दुसऱ्या हाताने — हे लिहायलाच हवं — कठडा वर ओढला. खट्ट वाजेपर्यंत. तेवढ्यात दाराला किल्ली लागली.

"काय झालं?" ही धावत आत.

"चढली वर! उडी मारली तिने!"

कुठून आलं तोंडात? ठरवलं नव्हतं काही. हिने क्रिबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खारूला घेतलं.

खांद्याजवळचं हाड मोडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान मुलांचं पटकन जुळतं. तीन आठवडे हात झोळीत." मग विचारलं, "पडली कशी?" मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा अडखळलोसुद्धा नाही!

"चढायला लागली ना? मग क्रिब बंद करा आता. पलंगावर झोपवा."

झालं. माझ्या थापेवर डॉक्टरी शिक्का.

४ ऑगस्ट, सोमवार

कामावर गेलो. दहा मजली इमारत, दोन लिफ्ट. ब्रेक बघितले, दोर बघितले, दारांच्या खिट्या एकेक करून बघितल्या. शेवटी कागद — 'सर्व सुरक्षा व्यवस्था स्वतः तपासल्या आहेत.' खाली माझी सही. बारा वर्षं करतोय. आज पेन उचलेना.

"काय रे, सही विसरलास का?" आमचा वस्ताद म्हणाला. मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो.

केली सही. लिफ्ट बरोबर होती.

६ ऑगस्ट

ही माझ्याशी फार गोड वागतेय. सकाळी मी उठायच्या आत बूट पुसून ठेवले. कधी नाही ते! कशाला?

९ ऑगस्ट, शनिवार

पलंग आला. सुताराने उंबरठ्याएवढा बुटका करून दिलाय, कोपरे घासून गोल केलेत. माणूस कामाचा पक्का. "पडली तरी हसेल," म्हणाला. आम्ही दोघंही हसलो नाही.

क्रिब ढकलून भिंतीला लावली. पलंगाच्या बाजूला जमिनीवर जुनी गादी टाकली, तिच्या शेजारी आणखी एक. हिला तेवढ्यानेही समाधान नाही. कोचाच्या उशा आणून पसरल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

खारूने सगळा कारभार डाव्या हाताने तपासला. पलंगावर बसली. उतरली. बसली. उतरली. रबरी बेडकाला झोपवलं, पांघरूण घातलं, दामटून "गप" म्हणाली. स्वतः मात्र क्रिबजवळ जाऊन उभी. कठड्यावर थापा मारत —

"आत."

"आता तुझा मोठा पलंग ना, राणी?"

"आत ठेव."

ही तिला उचलून घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. पोरीचा काय गुन्हा? न केलेल्या उडीची शिक्षा भोगतेय बिचारी.

१० ऑगस्ट

दुपारची झोप, पहिल्या खेपेला: दोन मिनिटं. पलंगावर ठेवलं, दार लोटून बाहेर आलो, तर मागोमाग ठुमकत हजर. झोळीतला हात, केस विस्कटलेले. "झाली झोप!"

अकरा वेळा नेऊन ठेवलं. बाराव्या वेळी मीच पलंगावर आडवा झालो — गुडघे पोटाशी घेऊन, बेडकाच्या शेजारी. ती माझ्या छातीवर झोपली. दुखरा खांदा वरच्या बाजूला. तासभर हललो नाही. हलायचा हक्क नाही मला.

१३ ऑगस्ट

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. "अगं बाई, हाताला काय झालं? पडलीस कशी?"

खारू माझ्या कडेवरून खणखणीत — "उडी माल्ली!"

आजींनी कौतुकाने गालगुच्चा घेतला. "वांड आहे हं!"

कोणी शिकवलं तिला? मीच. दहा दिवस येईल त्याला सांगतोय, ती ऐकतेय. आता तिला तसंच आठवणार. मोठी होऊनही सांगेल — मी लहानपणी उडी मारली होती. पोरीच्या डोक्यात मी माझं खोटं घालून ठेवलं!

आज हिला सांगणार होतो. जेवताना ती आपण होऊन म्हणाली, "तुझ्यासारखा माणूस मिळाला, नशीब माझं." पाणी प्यायलो. नाही सांगितलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

धाकट्या मेहुणीचा फोन. आठवा महिना लागलाय तिला. ही मोठ्याने म्हणाली, "क्रिब घेऊन जा गं आमची! पडून आहे. छान मजबूत आहे."

मजबूत!

मी मध्येच म्हणालो, "जुनी झालीय, नवीन घेतील ते." ही म्हणाली, "दोन वर्षांत काय जुनी होते?" पुढच्या शनिवारी येणार आहेत घ्यायला.

१९ ऑगस्ट

ही खारूला घेऊन डॉक्टरकडे गेली. (हाड छान जुळतंय.) मी लवकर घरी आलो ते त्यासाठीच. हत्यारांची पिशवी काढली आणि क्रिबसमोर बसलो. म्हटलं, खिटी बदलून टाकू, म्हणजे कोणाला काही सांगायला नको. बघा, अजूनही पळवाटच शोधतोय!

खिटी सैल आहे, पण धरते. कठडा धरून हलवला. गदागदा हलवला. खारूच्या वजनाची पाण्याची बाटली आणि डबे बांधून हिसके दिले. चाळीस वेळा. एकदाही निसटली नाही.

वस्ताद नेहमी सांगतो: सारखा होणारा बिघाड बरा, सापडतो तरी. कधीमधी होणारा बिघाड माणसं मारतो. आणि हा नेमका तसलाच. मला सापडत नाही, म्हणजे मी दुरुस्त केला असं म्हणता येत नाही. एकदा म्हणून झालंय 'केली'. आता दुसऱ्या पोराच्या जिवावर म्हणू?

नवीन खिटी पिशवीतच राहिली.

२१ ऑगस्ट

खारू पहाटे स्वतः उतरून आली. आमच्या उशाशी उभी राहून माझं नाक ओढलं. कोणी उचललं नाही, कोणी आणलं नाही. आली आपली आपण. मला रडू आलं, आणि ही समजली आनंदाने रडतोय. पाठीवरून हात फिरवत राहिली.

२३ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं.

मेहुणी दुपारी येणार होती. खारू गादीवर बेडकाला भरवत होती. ही क्रिब पुसत होती, ओल्या फडक्याने, एकेक दांडा. मी दारात उभा राहूनच बोललो, आत पाय टाकायचा धीर झाला नाही.

"ती चढली नव्हती. खिटी निसटली. तू सांगितलं होतंस बघायला, मी केली म्हणालो, केली नव्हती. कठडा खाली पडलेला होता. तू यायच्या आत मी वर केला. तुला कळू नये म्हणून."

हिचं फडकं थांबलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने! ती हळूच खारूच्या पलंगावर टेकली. माझ्याकडे असं बघत होती, जणू कोणी परकं दारात आलंय आणि नाव विचारायचं राहिलंय.

"मला कळू नये म्हणून?" एवढंच विचारलं.

"हो."

मग फोन उचलून बहिणीला म्हणाली, "आज नको येऊस." दिवसभर खारूशी बोलली, माझ्याशी नाही.

तरी आज हलकं वाटतंय. लाज वाटतेय लिहायला, पण वाटतंय.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली —

"खिटी निसटली नव्हती. चादर बदलायला कठडा मीच खाली केला होता. वर करायचा राहिला, आणि तशीच दूध आणायला गेले. परत आले तर कठडा वर. कळलं मला, तू केलास. मला वाटलं, मला कोणी बोल लावू नये म्हणून खोटं बोललास. सगळं स्वतःच्या पोटात घातलंस. तीन आठवडे तेवढ्यावर जगले मी."

मी कप बाजूला सरकवला.

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच."

नव्हतं.