न्हाणीतल्या दोरीच्या तीन गाठी

प्रिय कुसुम,

न्हाणीच्या दाराच्या बिजागऱ्या. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच. मोरीचा उतार. माळ्याच्या शिडीच्या दोन पायऱ्या. पाण्याच्या टाकीचं बूड. ओट्याजवळचा दिव्याचा बोर्ड, आतल्या वायरसकट. आणि न्हाणीच्या भिंतीला एक उभा लोखंडी पाइप. एवढं सगळं मी माझ्या हातानं केलं. एकही खिळा दुसऱ्यानं ठोकलेला नाही.

तुला आत्ताच का लिहितोय? पाइपाला रंग दिलाय. तो वाळेपर्यंत न्हाणीत जायचं नाही आणि दुसरं कुठलं काम उरलेलं नाही. आपल्या घरात काम उरलेलं नाही, हे वाक्य तू ऐकायला हवं होतंस! उद्या सकाळी प्रज्ञाला आणायला तिच्या सासरी, वरवट बकालला जायचंय. सातवा संपत आला तिचा. पहिलं बाळंतपण आहे, ते इथंच होईल, मोताळ्यात, आपल्या घरी. पण हे इतकं सरळ झालेलं नाही, म्हणून सांगायला बसलो.

महिन्यापूर्वी मी आणि तुझी बहीण इंदू तिकडं गेलो होतो. सोबत ओटीचं सामान, हिरवं पातळ, सगळं इंदूनं आठवणीनं घेतलेलं. जेवणं झाली, आणि मी प्रज्ञाला न्यायचा विषय काढला. विहीणबाईंनी ताट बाजूला सारलं. बाई सरळ बोलणारी आहे, तुला माहीतच आहे, तुमचं दोघींचं त्यामुळंच जमायचं.

म्हणाल्या, "इवाई, राग नोका धरू. पयल्या बाळंतपनाले पोरगी मायच्या घरी जाते. बापाच्या घरी नाही जात."

मी म्हटलं, घर तर तेच आहे. इंदू मलकापूरहून येऊन राहणार आहे, चांगली दोन-तीन महिने.

"घर मी पाह्यलं आहे," त्या म्हणाल्या. "न्हानीचं दार उचलून लावा लागते."

कुसुम, पंचक्रोशीतल्या पाण्याच्या जळक्या मोटारी माझ्या हातून नवी तार भरून जातात. नववी नापास माणूस, कोणाकडं उमेदवारी केली नाही, जळकी मोटार उघडून तारेचे वेढे मोजत शिकलो. आणि त्या माणसाला भरल्या घरात ऐकावं लागलं की त्याच्या न्हाणीचं दार लागत नाही! दार खरंच उचलून लावावं लागत होतं.

बाहेर निघताना प्रज्ञा दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "बाबा, मले घरी यायचं आहे." बस, तेवढंच. मी आत वळून विहीणबाईंकडं एक महिना मागितला. त्या म्हणाल्या, येऊन पाहीन, मग सांगीन.

त्या दाराची गोष्ट तू विसरली असशील असं मला वाटत नाही. मी चार दिवस नांदुऱ्याकडं कामाला गेलो आणि तू बाजारातून मिस्त्री बोलावून दार बसवून घेतलंस. मी आलो, पाहिलं, आणि हात-पाय धुवायच्या आधी बिजागऱ्या काढून टाकल्या. स्क्रू तिरपे बसवले होते त्यानं. एकाचं डोकं तर लाकडाच्या वर आलेलं! मी म्हटलं, रविवारी मी बसवतो. तो रविवार काही आला नाही. तू वर्षभरानं एकदाच म्हणालीस, "मिस्त्रीनं लावलं तवा दार लागत तरी होतं." स्क्रू तिरपे होते, हे मी आजही म्हणतो. पण तुझंही खरं होतं.

दुसऱ्याच्या हातचं काम मला पटत नव्हतं आणि माझा हात दुकानातून सुटत नव्हता. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आपलं घर चाललं, आणि ते तू चालवलंस. कसं चालवलंस, ते मला या महिन्यात कळलं.

खिडकीची काच फुटली तिथं तू तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला होतास. मला वाटायचं, नुसता ठोकलाय. काढायला गेलो तर कडा आत वळवलेल्या, चारही बाजूंनी, म्हणजे पुसताना हात कापू नये. शिडीच्या मोडक्या पायरीला तू लाल चिंधी बांधली होतीस, आणि मी इतकी वर्षं ती चिंधी बघून पाय वर टाकत होतो, कशाची आहे हे न विचारता! टाकीच्या बुडाला भोक पडलं होतं, तिथं कापूस आणि कपड्याचा साबण कुटून भरलेला. तो बोळा मी छिन्नीनं काढला. छिन्नीनं, कुसुम!

आणि बोर्ड. त्या बटणाला झटका बसायचा म्हणून तू लाटण्यानं दिवा लावायचीस. आल्यागेल्याला सांगायचीस, "मोटारवाल्याची बायको आहो, लाटण्यानं लाइट लावतो." सगळे हसायचे, मीही हसायचो. एकदा भांडायचं होतंस ना! ते लाटणं माझ्या पाठीत घालायला काय हरकत होती? तू भांडली नाहीस. तू उपाय केलास, आणि कामाला लागलीस. एवढा राग मात्र मी तुझ्यावर धरून आहे.

माझा हात तुझ्यामुळं बसला, हेही मी कधी बोललो नाही. दुकान नवीन होतं तेव्हा गिऱ्हाईक बोलायला लागलं की माझे वेढे चुकायचे. तू डाळ निवडता निवडता शेजारी येऊन बसायचीस आणि माझ्या दर दहा वेढ्यांना तुरीचा एक दाणा बाजूला टाकायचीस. गिऱ्हाइकाशी गप्पाही तूच मारायचीस आणि दाणाही चुकायचा नाही. मला वाटायचं, बायकोचा वेळ जातोय. खरं तर मोटार आपण दोघं भरत होतो.

तर मी कामाला लागलो. तुझे उपाय एकेक काढले आणि त्या जागी पक्कं काम केलं. मोरीला उतार असा दिला की तांब्यातलं पाणी ओतलं तर थेंब मागे राहू नये. न्हाणीत खरबरीत फरशी बसवली, पाय घसरायला नको म्हणून. भिंतीला रंग दिला. इंदू मलकापूरहून येऊन जाऊन बघत होती. एके दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "भाऊजी, ताजमहाल बी बायको मेल्यावरच बांधते लोक." मी ऐकून घेतलं. तुझी बहीण आहे.

मग विहीणबाई आल्या. जयभीम घातला आणि चहालाही न बसता थेट कामाला लागल्या. दार लावलं, उघडलं, परत लावलं. बटण दाबलं, ते मात्र पदर बोटाला गुंडाळून. मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते जाईपर्यंत वाकून बघत राहिल्या. मी मागं उभा. निकाल लागायच्या दिवशी पोरं उभी राहतात ना शाळेत, तसा.

न्हाणीत गेल्या आणि पाटावर बसल्या. उठताना त्यांचा हात आपोआप भिंतीकडं गेला आणि तिथंच हवेत राहिला.

"इथली दोरी कुठं गेली?"

कुठली दोरी? मला आधी कळलंच नाही. खिडकीच्या गजाला बांधलेली, खाली कडीत अडकवलेली, अंबाडीची जुनी दोरी. मी ती ओले कपडे टाकायची समजत होतो. उभ्या दोरीवर कपडे कसे टाकतील, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला पडू नये? नाही पडला. रंग द्यायचा म्हणून सोडली.

विहीणबाई तशाच बसून सांगायला लागल्या. प्रज्ञाच्या लग्नानंतर त्या आपल्याकडं राहायला आल्या होत्या, गुडघे दुखत होते, तेव्हा तू त्यांना ती दोरी दाखवली होतीस. माझ्या आईसाठी बांधली होतीस ना? आईला शेवटी शेवटी आंघोळ करून उठता येत नव्हतं, आणि हाक मारायची तिला लाज वाटायची. म्हातारीला कोणाला हाक मारावी लागू नये, म्हणून बांधली, असं तू विहीणबाईंना सांगितलंस. आईनं शेवटपर्यंत आपली आंघोळ आपण केली. मी शेजारीपाजारी सांगत फिरायचो, आमची आई खमकी आहे, कोणाचा हात धरत नाही! कोणाचा धरत होती, ते त्या दिवशी कळलं.

विहीणबाई इंदूच्या खांद्याला धरून उठल्या. म्हणाल्या, "इवाई, काम तुमचं पक्कं आहे, नाव ठेवाले जागा नाही. पन बाळंतीन बाई या पाटावरून उठंन कशी, याचा इचार कुसुमबाईनं केला होता. तुमी तोच काढून फेकला." आणि गेल्या. ना हो म्हणाल्या, ना नाही.

दोरी फेकली नव्हती, तेवढं माझं नशीब. चांगली मजबूत आहे म्हणून मी तिनं अंगणातलं भंगार बांधून ठेवलं होतं. भंगारवाला यायचा होता. मी गठ्ठा सोडला, दोरी धुतली, आणि तिच्या जागी परत बांधून पाटावर बसलो.

तिला तीन गाठी होत्या. त्यांच्यावर तुझ्या जुन्या पातळाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, हाताला टोचू नये म्हणून. बसल्या जागेवरून हात सहज जातो तिथं खालची. ती धरून अंग पुढं आलं की दुसरी हातात येते. गुडघे सरळ होतात तेव्हा तिसरी. मध्ये कुठं हात शोधावा लागत नाही. मी चार वेळा बसलो, चार वेळा उठलो. मग टेप घेऊन तिन्ही गाठींची उंची मोजली. एक गाठ इंचभर इकडची तिकडं करून बघितली, मलाही उठताना जड गेलं. तू टेप कधी हातात धरला नाहीस. काय लावून मोजलंस? आईच्या शेजारी किती वेळा बसलीस, किती वेळा उठलीस?

तीच दोरी ठेवायचं मनात आलं होतं. पण मधल्या भागात वाखाचे धागे सुटायला लागलेत, आणि त्यावर दोन जिवांचं वजन टाकायचं नव्हतं. म्हणून पाइप आणला, वर-खाली पट्ट्या मारून भिंतीत पक्का केला. लोखंडाला साबणाचा हात लागला की तो निसटतो, हे पहिल्याच आंघोळीला कळलं. मग अंबाडीची नवी दोरी आणली आणि तुझ्या तीन गाठींच्या उंचीवर, तीन ठिकाणी, पाइपावर गुंडाळली. मोटारीत तार बसवतो तशी, वेढ्याला वेढा घासून, मध्ये नख जाणार नाही अशी. एवढं एक काम जन्मभर केलंय, ते इथं उपयोगी पडलं. मग मी लटकून पाहिलं. इंदूलाही लटकायला लावलं. वजन किती ते तिनं सांगितलं नाही, पण पाइप हलला नाही.

विहीणबाईंना फोन केला. बोर्डाबद्दल, फरशीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"दोरी?"

"लावली," मी म्हटलं. "तिन्ही गाठी तिच्याच जागेवर."

मग म्हणाल्या, "त या, घेऊन जा पोरीले. पयले दहा दिवस मी बी येईन. माय नाही तिची, मी आहो ना."

बाळंतपणाला सासू सुनेच्या माहेरी येऊन राहते, असं आपल्या लोकांत कधी ऐकलं होतंस? माझ्यासाठी नाही येत त्या, कुसुम. तुझ्यासाठी येतात. तू बांधलेल्या दोरीला धरून त्या एकदा उठल्या होत्या.

प्रज्ञा अंगानं तुझ्यावर गेलीय. उंची तीच, हाताची लांबी तीच, त्यामुळं तू स्वतः बसून-उठून ठरवलेल्या गाठी तिला बरोबर येतील, याची मला काळजी नाही. काळजी वाटते ती माझीच. ती हाक मारेल तेव्हा मी घरात असेन ना, याची. म्हणून तुला शब्द देतो. प्रज्ञा बाळंतपणाचा सव्वा महिना पुरा करून बाळासकट आपल्या घरी परत जाईपर्यंत मी रात्रीचा मुक्काम मोताळ्याबाहेर करणार नाही. दुकान सकाळी उघडेन, दिवेलागणीला बंद करेन. घरात काही मोडलं तर त्याच दिवशी हात लावेन, आणि मला जमत नसेल तर मिस्त्री बोलावेन.

हे नुसतं बोलून दाखवत नाही. परवा मलकापूरच्या एका जिनिंगवाल्या शेठचा माणूस दुकानात येऊन गेला. कापसाचा सीझन संपेपर्यंत तीन महिने तिथंच राहायचं, फॅक्टरीच्या सगळ्या मोटारी माझ्या ताब्यात, खाणं-राहणं त्यांचं. माझं नाव कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, सगळेच सांगतात. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. एक लाख वीस हजार देत होता.

तुझा,
भास्कर