शाईवालीची पिल्लं

४ मार्च
सापडलं! चहा गार झाला तरी उठले नाही. वाचनालयाच्या पुस्तकात, पान एकशे बारा — राखी कोंबडा आणि राखी कोंबडी जोडली, तर पिल्लं सगळी राखी निघतच नाहीत. साधारण निम्मी. बाकीची काळी, नाहीतर काळ्या ठिपक्यांची पांढरी. ह्यांनी नऊ वर्षं तेच केलं! राखी ठेवायची, बाकीची देऊन टाकायची, आणि पुढच्या खेपेला परत कपाळावर आठ्या.

५ मार्च
ह्यांच्या जुन्या सदऱ्यांची बटणं काढून मांडून बघितलं. प्रत्येक पिल्लाला दोन बटणं — एक बापाचं, एक आईचं. दोन्ही काळी तर पिल्लू काळं, दोन्ही पांढरी तर ठिपक्यांचं, एकेक तर राखी. म्हणजे काळा कोंबडा आणि ठिपक्यांची कोंबडी — सगळी राखी! एकही वेगळं नाही!

हे गेले आणि दीड महिन्यात साथ आली. राखी सगळ्या गेल्या. उरले नेमके दोघे: अजून द्यायचा राहिलेला काळा कोंबडा आणि ठिपक्यांची माझी शाईवाली. ठिपक्यांची सगळी देऊन टाकली, मग ही कशी राहिली? नजरेतून सुटली असणार.

ताट वाढताना तोंडात आलंच होतं, अहो, ऐकलंत का. ऐकायचे तरी कुठे! कान कायम खुराड्याकडे.

६ मार्च
भावजी आले होते. दोन जिवांसाठी एवढं खुराडं कशाला, तिथे माझी मोटारसायकल राहील म्हणाले. शाईवाली कापायला मागितली. मी बटणं मांडून दाखवली. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"वहिनी, कोंबडी बटणं वाचते का?"

शेवटी ठरलं — एक जरी पिल्लू वेगळ्या रंगाचं निघालं, तर कोंबडी त्यांची, खुराडंही त्यांचं. मी हो म्हणून बसले. सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर केली नाही.

१६ मार्च
अकरा अंडी साठली. शेजारच्या शिंपीणबाईंची कोंबडी खुडूक झालीय, ती मागून आणून अंड्यांवर बसवली. एकवीस दिवस.

२३ मार्च
भर दुपारी कोठीचं दार लावून अंडी बॅटरीवर धरली. नऊंत लाल शिरा — कोळ्याच्या जाळ्यासारख्या! दोन फुकट.

२ एप्रिल
कोंबडा नक्की काळाच आहे ना? उन्हात धरून एकेक पीस उलटून पाहिलं. शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, उवा झाल्यात का. हो म्हटलं.

६ एप्रिल
सकाळी पहिलं बाहेर आलं. काळं! काळंकुट्ट!

भावजी हजरच. "पिशवी आणू का, वहिनी?" मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. पुस्तक आणायलाही उठवेना.

तासाभरानं त्याची लव सुकायला लागली. आधी पाठ, मग डोकं. दुपारपर्यंत राखी! ओलं होतं म्हणून काळं दिसलं, एवढंच! नऊ वर्षं मीच तर पिल्लं पुसत होते, आणि आज विसरले.

७ एप्रिल
नऊ. नऊच्या नऊ राखी!! भावजींनी उचलून उचलून पाहिली, अगदी पंखाखालीसुद्धा. मग घरी गेले आणि पक्कड घेऊन आले. खुराड्याची जाळी दोन ठिकाणी फाटली होती, ती बांधून दिली. जाताना म्हणाले, दादानं हे बघायला हवं होतं.

८ एप्रिल
सासूबाईंच्या मांडीवर एक पिल्लू दिलं. म्हटलं, नशीब माझं, शाईवाली ह्यांच्या नजरेतून सुटली.

"सुटली कुठली! टोपलीत घालून बाजारात नेली होती. तशीच परत आणली. म्हणाला, तिनं हिला नाव दिलंय, आता कशी देऊ?"

ते नाव मी ह्यांच्यासमोर एकदाच घेतलं होतं. ताट वाढताना.