हिरवं तेल

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडता ठेवून दिलंस तर मी समजू शकते, पण फाडू नकोस. बासष्ट वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणू नये, असं तुझी बायको मागे म्हणाली होती. मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे आणि तुझं नाक पुसलेलं आहे, तेव्हा ते राहू दे. सहा वर्षं झाली, तू माझ्या घराची पायरी चढला नाहीस. त्या विषयावर मी येणार आहे, पण माझ्या चालीने. आधी बातमी ऐक. गाडी सुरू झाली. तुझ्या भाऊजींची ती लांब नाकाची फ्रेंच गाडी, जिच्यावरून तुझं-माझं बोलणं तुटलं, ती कालही मला बाजारात घेऊन गेली आणि परतही घेऊन आली.

ती आणायला भाऊजींबरोबर तूच गेला होतास. तुम्ही दोघं लग्नाच्या वरातीसारखे हॉर्न वाजवत आलात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर गाडी पोट जमिनीला टेकवून बसलेली. म्हटलं, झालं, गेले पैसे पाण्यात. ह्यांनी नुसती किल्ली फिरवली. ती आधी मागून उठली, मग पुढून, बाळंतपणानंतर पहिल्यांदा खाटेवरून उतरणाऱ्या बाईसारखी सावकाश. तू टाळ्या वाजवल्यास, चाळिशी ओलांडलेला बाप्या असून. इतर गाड्यांसारख्या हिला स्प्रिंगा नाहीत, तेल आणि वायू मिळून तिला उचलून धरतात, हे ह्यांनी मला त्या सकाळी समजावलं आणि पुढे दर पाहुण्याला समजावलं. पण खरं सांगते, खड्ड्यांच्या रस्त्यावर पुढच्या गाडीतली डोकी उडताना दिसायची आणि माझ्या मांडीवरच्या थर्मासमधला चहा हिंदकळायचाही नाही. दिवसभर वॉर्डात उभं राहून पाय भरून आलेल्या बाईला ह्याहून मोठं सुख कोणी दिलं नसेल.

आणि तिची थेरं. अंगठीएवढं एक रबर हवं असलं तरी ते तिच्या माहेराहून यायचं, चार महिन्यांनी, आत कुकर मावेल एवढ्या खोक्यातून. युरोपातल्या गाड्या विकणाऱ्या एका चकचकीत दुकानात मी गेले होते. तिथे कॉफीचं मशीन आहे, काचेची भिंत आहे, आणि हातात पाटी घेऊन फिरणारा एक टाय लावलेला माणूस आहे. तो म्हणाला, मॅडम, एवढ्या जुन्या मॉडेलला आम्ही हात लावत नाही, नवीन दाखवू का? मी विचारलं, घरी आजी आजारी पडली की हेच म्हणता का? त्याने मला कॉफी दिली. कॉफी चांगली होती, एवढंच त्या दुकानाबद्दल बरं बोलता येईल. तुझा भाचा तर फोनवर दर वेळी तेच विचारतो: आई, तू गाडी पाळतेस की गाडी तुला? त्याची स्वतःची गाडी बोलते, दार उघडं आहे म्हणून, पट्टा लावला नाही म्हणून. घरात सूनबाई आहे, रस्त्यावर ही, बिचाऱ्याला कुठेच शांतता नाही.

आता त्या दिवसाबद्दल. हे जाऊन वर्ष झालं होतं, माणसं जमली होती. आत्याला स्टेशनवर सोडायला तू गाडी मागितलीस आणि मी दिली. दीड तासाने तुम्ही परत आलात ते गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून. आत्याची ट्रेन चुकलेली, गाडीच्या पोटाखालून तेल ठिबकतंय. तू म्हणालास, ताई, वाटेतच गळायला लागली, डिकीतला डबा ओतला, हिरवंच घातलंय. तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं की तिला एक ते हिरवं तेल तेवढं चालतं. साधं ब्रेकचं तेल घातलं की आतलं रबर फुगून कुजतं. चुकीच्या गटाचं रक्त, असं हे म्हणायचे. आणि मी ठरवून टाकलं की तू घाईत कोपऱ्यावरच्या दुकानातलं काहीतरी घातलंस आणि आता हिरव्याचं सोंग करतोस. मी काय बोलले ते तुला पाठ असेल. तुझ्या हातात दिलेली कुठली गोष्ट धड परत आली आहे? दुकान बुडवलंस, आता हिची पाळी. तुझं दुकान बंद होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तू किल्ली टेबलावर ठेवलीस, बायकोला म्हणालास, चल, आणि गेलास. मागून हाक मारायला मला वेळ होता. मी कप उचलत बसले.

गाडी पाच वर्षं कापडाखाली राहिली. मग गेल्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. माझ्या हातातल्या जुडग्यात गाडीची जुनी किल्ली बघून त्याने विचारलं, अजून उठते का ती? आयुष्यभर विमानांच्या चाकांचे पाय दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, तिथेही असंच तेलाच्या दाबावर सगळं चालतं. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे तो मनात येईल ते दुरुस्त करतो. मला मेट्रनबाई म्हणतो, मी त्याला मिस्त्री. गाडीचं पुस्तक सगळं फ्रेंचमध्ये, आणि कॉन्व्हेंटमध्ये एका सिस्टरने बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं फ्रेंच माझ्याकडे पन्नास वर्षं पडून होतं. मग आमचं असं ठरलं की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी स्टुलावर बसून मराठीत वाचायचं आणि त्याने गाडीखाली झोपून तसं करायचं. पाना सरकवायचं कामही माझ्याकडे. निवृत्तीनंतर एवढ्या चांगल्या सकाळी मी घालवल्या नव्हत्या. तो चुकला की मी ओरडायची, मी चुकले की तो शीळ वाजवायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्याने नळ्या बाहेर काढून माझ्यासमोर धरल्या. म्हणाला, रबर फुगलेलं नाही मेट्रनबाई, सुकून चिरलंय. आणि आत उरलेलं तेल बघा, शेवटच्या थेंबापर्यंत हिरवं. मी म्हटलं, मग असं का झालं? तो म्हणाला, पुस्तक तुमच्या हातात आहे, आणि पुन्हा गाडीखाली सरकला. मी पान शोधलं आणि वाचू लागले. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी ठेवू नये. नुसतं इंजिन चालू करून भागत नाही, ती रस्त्यावर चालवावी. एवढं वाचून मी थांबले. गाडीखालून आवाज आला, पुढे वाचा. मी पुढे वाचलं: नाहीतर रबरी नळ्या सुकतात, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली की दाबाने फुटतात.

हे गेल्यावर ते पहिलं वर्षभर मी काय करत होते, तुला ठाऊक आहे. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू, मऊ फडक्याने पुसायचं, वर कापड. एक इंचही पुढे नेली नाही आणि कुणाला नेऊ दिली नाही. त्यांची गाडी जपत होते ना मी. चौतीस वर्षं मी नर्सेसना सांगत आले की पडून असलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदला, आणि जी विसरली तिला सगळ्यांदेखत झापलं. इथे घरात एक रोगी पाठ टेकून पडलेला, पाठीला जखमा होतायत, आणि मी दर रविवारी त्याचं तोंड पुसतेय. तू तिला वर्षभरानंतर पहिल्यांदा रस्त्यावर नेलीस आणि ती तुझ्या हातात फुटली, एवढाच तुझा गुन्हा. त्या सकाळी मी मिस्त्रीला पाना द्यायचा विसरले. त्याने मागितला नाही, स्वतः बाहेर येऊन घेतला.

आता ती छान आहे. उठायला पूर्वीपेक्षा थोडा वेळ घेते, पण मीही घेते. डाव्या खिडकीची काच अर्ध्यावर अडते, स्टिअरिंग अजून नुसत्या बोटाने फिरतं. रोज निदान दहा किलोमीटर नेते, काम असो नसो. शेजारीण म्हणते, ताई, पेट्रोल काय भाव झालंय. मी तिला म्हणते, बस पुढे. आता ती रोज बसते.

आणि हे पत्र का, तर त्या दिवशी मी जे बोलले ते सहा जणांदेखत बोलले होते, म्हणून ते मागेही त्या सहा जणांपाशीच घ्यायला हवं होतं. गेल्या आठवड्यात मी एकेकाला गाठलं. मुलगा फोनवर म्हणाला, मग हे मामाला कधी सांगणार आहेस? सूनबाई म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं, आणि मी तेही ऐकून घेतलं. शेजारच्या दोघांना चहाला बोलावून सांगितलं. आत्याला ऐकू येत नाही, त्यामुळे ‘चूक माझी होती’ हे वाक्य मला तीनदा ओरडून सांगावं लागलं, तेही खिडक्या उघड्या असताना. सहावी तुझी बायको, तिला हे पत्र तू मोठ्याने वाचून दाखव. राहिलास तू. तुझ्या दुकानाबद्दल मी बोलले ते गाडीपेक्षा वाईट होतं, त्याला कुठलंही पुस्तक लागत नाही, ते मला तेव्हाच कळत होतं. मला माफ कर. शनिवारी अकराच्या सुमारास मी गाडी घेऊन तुझ्या दाराशी येते. नको असेन तर दार उघडू नकोस, मी अर्धा तास थांबून परत जाईन आणि रागावणार नाही. उघडलंस तर जेवायला माझ्याकडे चला दोघं, आणि गाडी तू चालव. मी शेजारी बसेन आणि तोंड बंद ठेवीन, पहिल्या वळणापर्यंत तरी.

तुझीच,
चुकली तरी थोरली,
ताई