लाइन क्लिअर

बाबा, तुमचा नातू सीमेवरून परत येतो आहे. हिवाळाभर दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या, त्यांत त्याची पलटणही होती. मी रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. तुमच्या न भरलेल्या रेल्वेच्या फॉर्मांवरची छापील अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले, ते असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. मग दोन्हीकडचे अधिकारी दिल्लीत बसले, बोलले, आणि फौजा मागे हटू लागल्या. ती बातमी वाचली आणि तुमचं स्टेशन आठवलं.

नागपूरहून निघणाऱ्या छोट्या गाडीचं ते स्टेशन, आणि तुम्ही तिथले मास्तर. रूळ एकच, दोन्हीकडच्या गाड्या त्याच्यावरूनच. पुढच्या स्टेशनच्या मास्तरांना फोनवर विचारायचं, 'लाइन क्लिअर?' त्यांनी हो म्हटलं की तेच शब्द आपण परत म्हणायचे, वहीत लिहायचे आणि मगच गाडी सोडायची. आपण दीक्षा घेतली त्या वर्षी त्याच मास्तरांनी तुमच्या हातचं पाणी नाकारलं होतं. तेव्हापासून तुमच्यात साधा नमस्कार नव्हता. पण तुम्ही दिवसातून चारदा त्यांना विचारायचात आणि ते चारदा तुम्हाला.

एक दिवस आठवतो. मी अकरा-बारा वर्षांची आहे. फोन बंद पडला आहे, गाडी तासभर उभी आहे. लग्नाचं वऱ्हाड डब्यातून उतरून तुमच्या दारात जमलं आहे.

"मास्तर, मुहूर्त टळून राहिला ना!"

"तिकडून उत्तर नाही आलं."

"नाही आलं म्हणजे मोकळीच असंन ना गा लाइन!"

"उत्तर नाही म्हणजे लाइन नाही."

"तुमचं त्या मास्तरशी वाकडं, अन् आमाले काहून अडवून ठेवता?"

तुम्ही खुर्चीतून हलला नाहीत. एवढ्यात रुळाकडेच्या पायवाटेनं तेच मास्तर सायकल हाणत आले, घामानं निथळत.

"पाणी प्यायला नाही आलो," ते दारातूनच म्हणाले.

"विचारलं कोणी? लाइन बोला."

"माझ्याकडे मालगाडी उभी आहे."

"ती थांबवा. आधी नवरदेव जाऊ द्या, रडकुंडीला आला आहे."

वऱ्हाड हसलं. ते मास्तर हसले नाहीत. दोघांनी कागदावर लिहिलं, एकमेकांना वाचून दाखवलं, सह्या केल्या. ते पाणी न पिताच गेले. तुम्हीही विचारलं नाही. पण त्या दिवशी दोन्ही गाड्या धडपणे पोचल्या.

गेल्या महिन्यात विहारात बायांच्या बैठकीत लढाईचा विषय निघाला. बोलणी झाली पाहिजेत, असं मी म्हटलं, तर शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "काहून वं, तुह्या नवऱ्याले त्यायनंच मारलं, अन् तू बोला-बोला म्हणून राहिली?" मी आयुष्यात कधी सभेत उभी राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले आणि तुमची ही सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "बोलणं म्हणजे गळ्यात पडणं नोहे वं. रूळ एक आहे, म्हणून विचारा लागते. माह्या बापानं जल्मभर हेच काम केलं." असं म्हणताना मान किती ताठ झाली होती, काय सांगू.

एक गोष्ट मात्र तिथे सांगितली नाही. एकाहत्तरच्या लढाईत तुमचे जावई गेल्याची तार तुम्हीच उघडली होती, म्हणून तुम्हालाच सांगते. यंदा बोलणी सुरू झाल्याचं वाचलं, त्या सकाळी मला आधी आनंद नाही झाला. राग आला. त्या वेळी हे असे का बसले नाहीत? आणि क्षणभर, पोरगा तिथेच उभा असताना, मनात आलं की एकदाची लढाई होऊनच जाऊ दे. क्षणभरच. पण आलं, हे खरं. तुम्ही असतात आणि हे पत्र टपालात टाकायचं असतं, तर या एवढ्या ओळी मी खोडल्या असत्या.